लसीच्या रांगेत गरोदर बाई शेवटी का?

(स्त्री-आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आधीच सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, आणि विषाणूंचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ तर मुळीच नाही. एम. एस. डब्ल्यू. केलं आणि गेली दहा-बारा वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये बायकांबरोबर काम करते आहे. ‘नवे विषाणू आणि लसीचं संशोधन’ या विषयावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं. हा काय आपला विषय? प्रयोगशाळा, परीक्षानळ्या, पांढरे कोट. पण मग मला एका बाईनं विचारलेले दोन प्रश्न आठवले. त्यांची उत्तरं शोधण्यासाठी मी बरंच वाचलं, जाणकारांना विचारलं. ते आज तुमच्यापुढे मांडते.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडायला लागले. जुलैच्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य खात्यानं राज्यांना कळवलं, की गरोदर बायकांची तपासणी करा, पोटातल्या बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा. आमच्या वस्तीतही आशाताई आणि नर्सबाई घरोघर फिरू लागल्या. पिंपातलं पाणी ओता, फ्रिजमागचा ट्रे बघा, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करा, आणि गरोदर बायकांनी रक्त द्या. त्यात एक सुनंदा होती. (नाव बदललं आहे.) पाचवा महिना चाललेला. चार घरची धुणीभांडी करणारी. तिनं रक्त दिलं आणि ती वाट बघत बसली. सासूबाईंनी कामावर जाणं बंद केलं, म्हणजे पगार बंद. टीव्हीवर लहान डोक्याच्या बाळांची चित्रं दाखवत होते. रात्र-रात्र ती पोटावर हात ठेवून जागी असायची.

अकराव्या दिवशी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. कागद तीन दिवसांपूर्वीच येऊन पडला होता. झिका नाही, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. तिला कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

परत येताना रिक्षात तिनं मला विचारलं, “ताई, एवढा वाईट आजार आहे तर ह्याची लस का नाही? करोनाची तर वर्षात काढली.” आणि थोड्या वेळानं, “आधी ह्यांना ताप आला होता, अंगावर पुरळ पण होतं. मग ह्यांचं रक्त कुणी का नाही घेतलं?”

लस का नाही, आणि नवऱ्याचं रक्त का नाही. या दोन प्रश्नांच्या मागे जात राहिलं की विषाणूशास्त्राचा सगळा इतिहास बायकांच्या बाजूनं दिसायला लागतो.

झिका हे युगांडातल्या एका जंगलाचं नाव आहे. १९४७ साली तिथे पिवळ्या तापाचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी झाडांवर पिंजऱ्यांत माकडं ठेवली होती. डास त्यांना चावणार, माकड आजारी पडलं की त्याचं रक्त तपासायचं. अशा एका तापलेल्या माकडाच्या रक्तात हा नवा विषाणू सापडला. पुढच्या वर्षी तो त्याच जंगलातल्या डासांतही मिळाला. डेंग्यू, पिवळा ताप, जपानी मेंदूज्वर या आजारांचे विषाणू याचे सख्खे-चुलत भाऊ.

आता आपल्या गावाचा संबंध पाहा. १९५२ साली पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. अगदी त्या सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या लोकांचं रक्त तपासलं. १९५४ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात काही लोकांच्या रक्तात झिकाविरुद्धची प्रतिपिंडं आढळल्याची नोंद आहे. प्रतिपिंडं म्हणजे आपल्या शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली शस्त्रं. डेंग्यूसारख्या भाऊबंद विषाणूंची प्रतिपिंडंही तशीच दिसतात, त्यामुळे ती खरोखर झिकाचीच होती का, याबद्दल पुढे शंका घेतली गेली. पण सत्तर वर्षांपूर्वी या विषाणूचं नाव पुण्यात ठाऊक होतं, एवढं नक्की.

मग इतकी वर्षं लस करायला कुणी का घेतली नाही? कारण पुस्तकांत लिहिलं होतं, ‘आजार सौम्य’. बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांना होतो त्यांना थोडा ताप, पुरळ, डोळे लाल, सांधे दुखणं, आणि आठवड्यात माणूस बरा. मैत्रिणींनो, जेव्हा जेव्हा ‘सौम्य’ असं वाचाल तेव्हा विचारा, कुणासाठी सौम्य? पुरुषासाठी आणि गरोदर नसलेल्या बाईसाठी तो सौम्यच होता. गरोदर बाई त्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

२०१५ साली ब्राझीलच्या ईशान्य भागात, रेसिफे शहरात, लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर व्हानेसा व्हान देर लिंदेन यांच्याकडे डोकं फार लहान असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांची आई आना याही त्याच शाखेच्या डॉक्टर. त्यांनाही दुसऱ्या इस्पितळात तशीच बाळं दिसली. मायलेकींनी एकमेकींना सांगितलं, आणि बाळांच्या आयांशी बोलायला सुरुवात केली. कित्येकींनी सांगितलं, दिवस गेले तेव्हा अंगावर पुरळ आलं होतं. मग शेजारच्या राज्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ आद्रियाना मेलो यांनी दोन गरोदर बायकांच्या गर्भाशयातलं पाणी तपासायला पाठवलं. रिओच्या प्रयोगशाळेत विषाणूशास्त्रज्ञ आना बिस्पो यांना त्या पाण्यात झिका सापडला. नोव्हेंबर २०१५ ची ही गोष्ट. विषाणू वारेतून आत जातो याचा तो पहिला धागा. पुढे सेलिना तुर्ची यांच्या गटानं बाधित आणि निरोगी बाळांची तुलना करून हा संबंध पक्का केला. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. आज ही संघटना सांगते, की गरोदरपणात झिका झालेल्या बायकांच्या बाळांपैकी शंभरात पाच ते पंधरा बाळांना त्याचा काही ना काही त्रास होतो.

ही साखळी पाहा. आया, बालरोगाच्या डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, विषाणूशास्त्रज्ञ, साथरोगतज्ज्ञ. जवळजवळ सगळ्या बाया. आणि पहिला दुवा म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं त्यांच्याकडे फार येऊ लागली. बाहेर बाकावर बसलेल्या दोघी-तिघी आया आपसांत बोलत होत्या, की दिवस राहिल्यावर आपल्याला गोवरासारखं काहीतरी झालं होतं. ते बोलणं त्यांच्या कानावर पडलं, असं सांगतात. त्यांनी ते मनावर घेतलं, आणि त्यातून जगाला कळलं की रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, पोटातल्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय बिघडवतो. रुबेलाही पुस्तकात ‘सौम्य’च होता. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे वीस हजार बाळं हा आजार घेऊन जन्मली. त्यानंतर, १९६९ साली, तिथे लसीला परवानगी मिळाली.

त्या लसीच्या कहाणीतल्या दोन गोष्टी आपण लक्षात ठेवायला हव्यात. आज जी रुबेलाची लस बहुतेक जगात दिली जाते तिचा विषाणू ज्या पेशींवर वाढवला गेला त्या पेशी १९६२ साली स्वीडनमधल्या एका बाईच्या कायदेशीर गर्भपातातून घेतलेल्या होत्या. त्या पेशींनी लाखो बाळं वाचवली. पण त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. दुसरी गोष्ट, ब्रिटनमध्ये १९७० पासून ही लस शाळकरी मुलींनाच टोचत. आजाराचा धोका बाईच्या पोटाला, म्हणून लसही बाईनंच घ्यायची, असा हिशेब. विषाणू मात्र मुलग्यांमधून फिरतच राहिला. १९८८ पासून मुलगे आणि मुली दोघांनाही द्यायला लागले तेव्हा त्याची वाट बंद व्हायला लागली. आपल्याकडे २०१७ पासून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली आणि २०१८ च्या नोव्हेंबरात ती महाराष्ट्रात आली, तीही मुलगे-मुली दोघांसाठी. ही शिकलेली अक्कल आहे.

आता सुनंदाच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. झिकाची लस का नाही?

लस कशी होते ते थोडक्यात सांगते. आधी शास्त्रज्ञ विषाणू वेगळा काढतात, वाढवतात, त्याच्या अंगावरचा कोणता भाग आपल्या शरीराला ओळखता येईल ते शोधतात. मग प्राण्यांवर प्रयोग. मग माणसांवर चाचण्या. पहिल्या टप्प्यात काही डझन माणसं, दुसऱ्यात काही शे, तिसऱ्यात हजारो. तिसरा टप्पा जिथे आजार पसरलेला आहे तिथेच करावा लागतो, कारण लस घेतलेल्यांना आजार कमी झाला का, हे बघायचं असतं. झिकाच्या बाबतीत पहिली पावलं भराभर पडली. विषाणूच्या कवचाची कृती एका छोट्या डीएनएच्या कडीत लिहून ती दंडात टोचायची, अशी एक लस अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं तयार केली. मार्च २०१७ मध्ये तिची दुसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. पण तोवर साथच ओसरली. रुग्णच नाहीत तर लस चालते की नाही कळणार कसं? पैसा आटला, काही कंपन्यांनी हात काढून घेतला. शिवाय झिका आणि डेंग्यू भाऊबंद असल्यामुळे एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याचा आजार वाढवतील का, ही भीतीही होती. परवाना मिळालेली झिकाची लस आजही जगात एकही नाही.

या अडचणी खऱ्या आहेत. मी शास्त्रज्ञांना दोष देत नाही. पण एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. ज्या आजाराचं सगळं भय गरोदरपणाचं, त्याच्या लसीच्या त्या चाचणीत गरोदर बाईला प्रवेश नव्हता. लस उद्या तयार झालीच तर पहिला प्रश्न येणार, गरोदर बाईला द्यायची का? आणि उत्तर येणार, तिच्यावर तपासलेलीच नाही, तेव्हा नको.

हे मी कल्पनेनं सांगत नाही. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. १६ जानेवारी २०२१ ला आपल्या देशात करोनाची लस द्यायला सुरुवात झाली. त्यातली एक तर पुण्याच्या संस्थेनं वेगळ्या काढलेल्या विषाणूपासून बनलेली, आपल्याला अभिमान वाटावा अशी. पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना वगळलं होतं. कारण, चाचण्यांत त्या नव्हत्या. विचार करा, नर्सबाया, आशाताया, सफाई कामगार, सगळ्यांत आधी लस ज्यांना, त्यांत बायकाच किती! त्यातली जी गरोदर होती तिला काम होतं, लस नव्हती. एप्रिल-मे मध्ये दुसरी लाट आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्या जूनमध्ये आकडे सांगितले. पहिल्या लाटेतल्या ११४३ आणि दुसऱ्या लाटेतल्या ३८७ गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांची तुलना होती. पहिल्या लाटेत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्के, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. अंगावर पाजणाऱ्यांना १९ मे ला परवानगी मिळाली, गरोदर बायकांना २ जुलैला. तोवर लाट ओसरलेली होती.

आफ्रिकेतल्या काँगो देशात २०१८ साली इबोलाची साथ आली तेव्हाही असंच झालं. तिथे लस हातात होती. इबोला झालेल्या गरोदर बाईचं बाळ जवळजवळ कधीच वाचत नाही, हेही माहीत होतं. तरी सुरुवातीला गरोदर आणि पाजणाऱ्या बायका वगळल्या. २०१९ मध्ये निर्णय बदलला, पण साथ सुरू होऊन कित्येक महिने उलटल्यावर.

प्रत्येक वेळी शब्द एकच असतो, ‘काळजीपोटी’. आपल्याला हा शब्द फार ओळखीचा आहे. काळजीपोटी मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवत नाहीत, काळजीपोटी सुनेला घराबाहेर पडू देत नाहीत. दार बंद करणाऱ्याला वाटतं धोका बाहेर राहिला. विषाणूला दार नसतं.

आता तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मनात काय चाललं आहे ते मला दिसतं आहे. ‘अगं, आम्ही आयुष्यभर बायकांवरच्या चाचण्यांविरुद्ध लढलो आणि तू म्हणतेस गरोदर बायकांना चाचणीत घ्या?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. त्याच लढ्यांची पोथी वाचून मी शिकले आहे.

१९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी चालली होती. आपल्यावर चाचणी होते आहे हे बायकांना नीट सांगितलंच नव्हतं. ते स्त्री संघटनांनी उघडकीला आणलं आणि १९८६ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या बडोदा जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुली दगावल्यावर तो थांबवला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही, आणि ती लस आज जगभर उपयोगी ठरली आहे. पण संमतीचा जो खेळ झाला त्यावर संसदेच्या समितीनं २०१३ साली कडक ताशेरे ओढले. आश्रमशाळांतल्या मुलींच्या वतीनं वॉर्डननं सह्या केल्या होत्या.

म्हणून मी दोन्ही गोष्टी एकदम म्हणते आहे. न विचारता वापरणं हा अन्याय, आणि न विचारता वगळणं हाही अन्यायच. दोन्हीत बाईला विचारलेलं नसतं. नेट-एनच्या वेळी आपण संशोधन बंद करा म्हटलं नव्हतं. बाईला माणूस समजा, तिला सगळं सांगा, असं म्हटलं होतं.

थॅलिडोमाइडचं उदाहरण नेहमी देतात. १९५७ पासून जर्मनीत हे औषध झोपेसाठी विकलं जाई, गरोदरपणातल्या मळमळीसाठीही बायका ते घेत. दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. तेव्हापासून ‘गरोदर बाईवर काही तपासू नका’ हा धडा जगानं घेतला. पण खरं काय घडलं होतं? ते औषध गरोदर बाईसाठी सुरक्षित आहे का हे नीट तपासल्याशिवायच लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं होतं. त्यातून धडा निघतो तो काळजीपूर्वक तपासण्याचा. चाचणीत शंभर बाया डॉक्टरांच्या नजरेखाली असतात. चाचणी केली नाही की बाहेर लाखो बाया कुणाच्याच नजरेखाली नसतात.

आणि गरोदरपणात लस ही काही जगावेगळी गोष्ट आहे का? इथे बसलेल्या किती जणींनी टीटीचं इंजेक्शन घेतलं आहे? बघा, सगळे हात वर आहेत. गरोदर बाईला धनुर्वाताची लस द्यायची, म्हणजे बाळंतपणात तीही वाचते आणि बाळही. या लसीच्या आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांच्या जोरावर २०१५ साली भारतातून आया आणि नवजात बाळांचा धनुर्वात जवळजवळ हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. हो, सगळ्याच लसी गरोदरपणात चालत नाहीत. रुबेलाची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, म्हणून ती आधीच घ्यायची असते. म्हणजे प्रत्येक लसीचं उत्तर वेगळं, आणि ते शोधल्यावरच मिळणार.

सुनंदाचा दुसरा प्रश्न राहिला. नवऱ्याचं रक्त का नाही?

२००८ साली एक अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ सेनेगलमध्ये डास गोळा करायला गेला होता. घरी परतल्यावर आजारी पडला, आणि त्याच्या मागोमाग त्याची बायको. ती तर अमेरिकेबाहेर पाऊलही टाकून आली नव्हती. हा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. झिका पुरुषाच्या वीर्यातून बाईला होऊ शकतो हे आज पक्कं ठाऊक आहे. वीर्यात तो बराच काळ टिकतो, म्हणून लागण झालेल्या किंवा साथीच्या भागातून आलेल्या पुरुषानं तीन महिने निरोध वापरावा आणि बायको गरोदर असेल तर पूर्ण गरोदरपणात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

पण फर्मानं कुणाला सुटतात? जानेवारी २०१६ मध्ये एल साल्वादोरच्या सरकारनं बायकांना सांगितलं, २०१८ पर्यंत दिवस जाऊ देऊ नका. ज्या देशात कुठल्याही कारणासाठी गर्भपाताला बंदी, बलात्कारातून दिवस गेले तरी बंदी, तिथे हा सल्ला! जणू गरोदरपण ही बाईनं एकटीनं करायची गोष्ट आहे. आपल्या महाराष्ट्रात पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला, पन्नास वर्षांची बाई. तिथेही बायकांना चार महिने दिवस जाऊ देऊ नका असं सांगितलं गेलं. पण त्याबरोबर पुरुषांना निरोध वाटले आणि का वाटतो आहोत तेही सांगितलं, अशा बातम्या आल्या. ही गोष्ट मला मोलाची वाटते. तेवढं धाडस २०२४ मध्ये आमच्या वस्तीत कुणाला झालं नाही. मलाही झालं नाही, हे कबूल करते. मी बायकांच्या बैठकीत डासांबद्दल बोलले, मच्छरदाणीबद्दल बोलले, बाप्यांना बोलावून निरोधाबद्दल बोलले नाही.

आणखी एक नाजूक मुद्दा. गर्भात व्यंग दिसलं तर काय करायचं, हा निर्णय बाईचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात, वैद्यकीय मंडळानं गंभीर व्यंग असल्याचं ठरवलं तर गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा नाही. हा हक्क तिला माहीत हवा. पण ब्राझीलमध्ये ज्या आयांनी ती बाळं वाढवली, कित्येकींनी नवरे सोडून गेल्यावर एकटीनं वाढवली, त्यांच्याकडे पाहून हेही म्हणायला हवं, की बाळ ठेवणाऱ्या बाईला उपचार, शाळा आणि पैशाचा आधार मिळाला नाही, तर तो निर्णयही तिचा उरत नाही.

२०२४ मध्ये देशात झिकाचे १५१ रुग्ण नोंदले गेले, त्यातले १४० महाराष्ट्रातले. आकडा लहान आहे. पण डास आहे, विषाणू आहे आणि लस नाही. तेव्हा आपण काय मागायचं?

एक, नव्या लसीचे गाभण प्राण्यांवरचे अभ्यास सुरुवातीलाच करा. ते उशिरा होतात म्हणून गरोदर बाईची पाळी उशिरा येते.

दोन, चाचणीच्या काळात एखादीला दिवस गेले तर तिचं नाव नुसतं खोडू नका. तिची संमती घेऊन बाळ होईपर्यंत आणि नंतरही तिची नोंद ठेवा. त्यातून पुढच्या हजारो जणींना उत्तर मिळेल.

तीन, संमती तिच्या भाषेत, तिच्या सहीनं किंवा अंगठ्यानं, आणि तो कागद तिला समजेल अशा माणसानं वाचून दाखवून. नवऱ्याच्या, सासूच्या, वॉर्डनच्या सहीनं नाही. काही बिघडलं तर उपचार आणि भरपाई.

चार, तपासणीचा कागद ज्या दिवशी येईल त्या दिवशी तिच्या हातात. आणि लक्षणं असलेल्या नवऱ्याचीही तपासणी.

पाच, ही मागणी आपल्याच उंबरठ्यावर आहे. २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे प्रत्येक नैतिकता समितीत निदान एक बाई आणि एक वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्ती असावीच लागते. समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांनाही तिथे जागा आहे. चाचणीला हो म्हणायचं की नाही, हे ती समिती ठरवते. आपल्यापैकी कितीजणींनी कधी विचारलं, की आमच्या शहरातल्या समितीत कोण बसतं? मीही परवापर्यंत विचारलं नव्हतं. तिथे बसून मोठं शास्त्र बोलायचं नाही. एवढंच विचारायचं, की गरोदर बाईचं काय ठरवलंत, आणि तिला विचारलंत का?

सुनंदाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. बारशाला गेले तेव्हा मला वाटलं ती ते प्रश्न विसरली असेल. पण तिनं निरोप द्यायला दारापर्यंत येताना विचारलं, “ताई, त्या लसीचं काही कळलं का?” मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, “मग ह्या पावसाळ्यात आधी ह्यांची बैठक घ्या.”

ती बैठक आम्ही घेणार आहोत. तुमच्याही वस्तीत घ्या.